अतिवजनाच्या रुग्णाला आगीतून बाहेर काढायचं नियोजन: तालुक्याच्या रुग्णालयासाठी

प्रश्न असा आहे. गोंदिया जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एक खाजगी रुग्णालय आहे. तळमजल्यावर ओपीडी, औषधाचं दुकान आणि प्रसूती विभाग, वरच्या दोन मजल्यांवर वॉर्ड. रॅम्प पहिल्या मजल्यापर्यंतच जातो, पुढे जिना आणि एक लिफ्ट. दुसऱ्या मजल्यावरच्या स्पेशल खोलीत अंदाजे १६५ किलो वजनाचे एक गृहस्थ आहेत. पायाला सेल्युलायटिस (त्वचेखालचा जंतुसंसर्ग), रात्री बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं श्वासाचं यंत्र) लागतं. रात्रपाळीला दोन सिस्टर, एक ब्रदर, एक मावशी. समोर राइस मिल. अग्निशमनची गाडी तीस किलोमीटरवरून येणार. मॉक ड्रिलमध्ये कोणीतरी विचारलं, "आणि या काकांना कोण उचलणार?" तेव्हा सगळे गप्प झाले. विचारणाऱ्या सिस्टरना दोन गोष्टी हव्या आहेत: किती माणसं लागतील आणि कोणतं साहित्य घ्यावं.

सिस्टर, माणसांच्या आकड्यावर मी येते, पण त्याआधी एक काम आजच्या आज करा. त्या काकांना तळमजल्यावर आणा. तळमजल्यावर जागाच नसेल तर निदान पहिल्या मजल्यावर, रॅम्पच्या तोंडाशी असलेल्या खोलीत. आज लिफ्ट चालू आहे, वीज आहे, दिवसपाळीची सगळी माणसं हाताशी आहेत. आगीच्या रात्री यातलं काहीही नसेल. माझी नोकरी विदर्भातल्या तालुक्याच्या रुग्णालयांत परिसेविका म्हणून गेली आणि आता मी अशाच रुग्णालयांना आगीच्या तयारीत मदत करते. एवढ्या काळात माझं मत पक्कं झालंय की अतिवजनाच्या रुग्णाची सुटका भरतीच्या दिवशी ठरते. त्याला कोणत्या मजल्यावर, कोणत्या खोलीत, कोणत्या खाटेवर ठेवलं हे ठरलं की निम्मं नियोजन तिथेच होतं. "स्पेशल खोली वरच आहे, नातेवाइकांनी स्पेशलच मागितली" हे कारण मला मान्य नाही. नातेवाइकांना समोर बसवून नीट सांगितलं की ते ऐकतात.

आता आकडा. १६५ किलो आठ जणांनी चादरीला धरून उचलले तर प्रत्येकाच्या वाट्याला वीस किलोच्या वर येतात. सपाट जागी, दोन पावलांपुरतं हे जमतं. जिन्यात मात्र आठ जण मावत नाहीत. बाजूला भिंत आणि कठडा असल्यामुळे चारच माणसं धरू शकतात, म्हणजे प्रत्येकी चाळीस किलोच्या वर. त्यातही खालच्या दोघांवर जास्त भार आणि त्यांना उलट्या पावलांनी उतरायचं. अंधार आहे, धूर आहे, पायात स्लीपर आहेत. एकाचा पाय घसरला की पाचही जण खाली. म्हणून अतिवजनाच्या रुग्णाला जिन्यावरून हातांनी उचलून नेणं ही योजनाच नाही. तुमच्या कागदावर तसं लिहिलेलं असेल तर ते खोडा.

रॅम्पचं गणित वेगळं आहे. बारा फुटांना एक फूट उतार असलेल्या रॅम्पवर खाट आणि रुग्ण मिळून ३०० किलो असले तरी खाट खाली ओढते ती साधारण पंचवीस किलोच्या जोराने. दोघं मागून रोखून धरतात, एक जण पुढे वाट मोकळी करतो, झालं. आठास एक असा चढा रॅम्प असेल तर हाच जोर पस्तीसच्या पुढे जातो, तेव्हा मागे तिघं-चौघं ठेवा. रुग्ण चाकांवर असेपर्यंत तुमची चार माणसं पुरतात. चाकांवरून उतरला की दहाही पुरत नाहीत.

वजनाच्या धास्तीत एक गोष्ट विसरली जाते. ९ जानेवारी २०२१च्या रात्री भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात आग लागली आणि दहा बाळं गेली. तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यातली ही घटना. अशा विभागातली बाळं दीड-दोन किलोंची असतात, उचलायला एक हात पुरतो. तरी ती वाचली नाहीत, कारण माणसं पोचायच्या आधी आग आणि धूर पोचला होता. कोलकात्याच्या आम्री रुग्णालयात डिसेंबर २०११मध्ये तळघरात आग लागली, धूर वरच्या मजल्यांवर चढला आणि सुमारे नव्वद जण गेले, त्यातले बहुतेक गुदमरून. तेव्हा जड रुग्णासाठी पहिला खर्च स्ट्रेचरवर करू नका. त्या खोलीत धूर ओळखणारा डिटेक्टर बसवा, त्याची घंटा रात्री सिस्टरच्या टेबलापाशी ऐकू येते का ते बघा, आणि खोलीचं दार नीट बंद होतं का ते बघा. ज्याला हलवायला दहा मिनिटं लागणार त्याला दहा मिनिटं आधी कळलं पाहिजे.

रुग्णालयातली सुटका म्हणजे सगळ्यांना थेट रस्त्यावर आणणं, असा समज आहे. तसं नसतं. आधी त्याच मजल्यावर, आगीपासून लांबच्या भागात आडवं सरकायचं, मधलं दार लावून घ्यायचं, आणि गरज पडली तरच खाली उतरायचं. जड रुग्णाला याचा सगळ्यात जास्त फायदा, कारण हा सगळा प्रवास खाटेवरच होतो. पण त्यासाठी मजल्याचे दोन भाग करणारं, धूर अडवणारं दार हवं. तालुक्याच्या बहुतेक इमारतींत ते नसतं. सरळ लांब पॅसेज आणि दोन्हीकडे खोल्या. असं दार बसवून घ्या, आगीत टिकणारं, आपोआप मिटणारं. मालक डॉक्टरांना खर्च सांगाल तेव्हा हेही सांगा की या दारामुळे फक्त एक रुग्ण नाही, अख्खा मजला वाचतो.

मग मोजपट्टी घ्या. खाटेची बाहेरची रुंदी मोजा, बाजूचे कठडे लावलेले आणि सलाइनचा स्टँड जोडलेला असताना. साधी खाट मीटरभर रुंद असते, जड वजनासाठीची त्याहून रुंद. त्या खोलीपासून पोर्चपर्यंत प्रत्येक दार, प्रत्येक वळण, प्रत्येक उंबरा मोजून कागदावर लिहा. अशा मोजणीत नेहमी सापडतं ते सांगते. दुहेरी दाराचा एक पल्ला वरच्या-खालच्या कडीने कायमचा बंद असतो. कडीवर रंगाचे थर बसलेले असतात, ती हाताने हलत नाही, हातोडी आणावी लागते. कडी निघाल्यावर पल्ला उघडतो तो अर्धाच, कारण मागे फायलींचं कपाट ठेवलेलं असतं. रॅम्पच्या वळणावर खाट पहिल्या झटक्यात वळत नाही, मागे घेऊन पुन्हा फिरवावी लागते, आणि नेमकी तिथेच कुणीतरी मोटारसायकल लावलेली असते. रॅम्पच्या तळाशी चॅनल गेट असतं, रात्री दहाला त्याला कुलूप लागतं आणि चावी चौकीदाराच्या खिशात. चौकीदार चहाला गेला की चावीही गेली. त्या कुलपाची एक चावी सिस्टरच्या टेबलावर आणि एक गेटजवळ काचेच्या डबीत ठेवा. आजच.

आपल्याकडची खास गोष्ट कूलर. मार्च लागला की विदर्भातल्या प्रत्येक वॉर्डच्या खिडकीत कूलर बसतो आणि पावसाळ्यापर्यंत हलत नाही. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या महिन्यांत खिडकी बंद, धूर बाहेर जायला वाट नाही आणि बाहेरून शिडी लावणाऱ्यालाही आत यायला जागा नाही. कूलरचा पंप जळतो, पाणी संपतं, आणि गवताच्या वाळलेल्या ताट्या पेटायला निमित्त लागत नाही. त्यात एकाच बोर्डावर एक्स्टेंशन लावून कूलर, बायपॅप आणि नातेवाइकांचा मोबाइल. त्या काकांच्या खोलीत निदान एक खिडकी कूलरविना, आतून उघडणारी ठेवा. बायपॅपला स्वतंत्र सॉकेट द्या. कूलरचं पाणी आणि पंप बघायची जबाबदारी नाव लिहून एका माणसाला द्या.

आता खाट. प्रत्येक चांगल्या खाटेवर आणि ट्रॉलीवर एक छोटी पट्टी असते, तिच्यावर कमाल वजन लिहिलेलं असतं. त्या आकड्यात गादी, सिलिंडर, मॉनिटर सगळं धरायचं. पट्टीच नसेल किंवा रंगाखाली गेली असेल तर ती खाट या कामाची नाही असं समजा. तुमच्याकडच्या गावात वेल्डरने बनवलेल्या लोखंडी खाटा वजन पेलतात, पण त्यांना चाकं नसतात किंवा असलेली फिरत नाहीत, आणि आगीत स्थिर खाट काय कामाची? जड वजनासाठीची एक खाट विकत किंवा भाड्याने घ्या, मोठ्या चाकांची, ब्रेक लागणारी, डोक्याकडून उचलता येणारी. रुग्ण त्याच खाटेवर रोज झोपला पाहिजे. आग लागल्यावर एका खाटेवरून दुसऱ्या ट्रॉलीवर घ्यायचं, यातच सगळी मिनिटं जातात.

खाट आली की सरावासाठी तिच्यावर माणूस बसवू नका. राइस मिलमधून तांदळाचे ५० किलोचे कट्टे आणा, तीन-चार. ते खाटेवर बांधा आणि रात्रपाळीच्याच चार माणसांना ती खाट खोलीतून पोर्चपर्यंत न्यायला सांगा, रात्री, पॅसेजमधले दिवे बंद करून. तुमचा पहिला प्रश्न, किती माणसं लागतात, त्याचं खरं उत्तर तुम्हाला या सरावातून मिळेल, आणि ते तुमच्या रॅम्पचं, तुमच्या चाकांचं, तुमच्या माणसांचं असेल. घड्याळ लावा. फरशीच्या जोडावर चाक अडकलं, उंबऱ्यावर खाट उडाली, ब्रदरच्या मनगटाला झटका बसला, सगळं लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात उंबऱ्याला सिमेंटचा उतार करून घ्या आणि पुन्हा न्या.

वजन अंदाजाने लिहू नका. "अंदाजे १६५" म्हणजे १५० असू शकतं आणि १९०सुद्धा. ओपीडीतला काटा बहुधा इतकं दाखवतच नाही. पेशंट उभा राहू शकत असेल तर दोन सारखे काटे शेजारी ठेवून एकेक पाय एकेकावर ठेवायला सांगा आणि दोन्ही आकडे एकाच वेळी वाचून बेरीज करा. उभं राहता येत नसेल तर धान्य मोजायचा प्लॅटफॉर्म काटा आणून व्हीलचेअरसकट घ्या, मग रिकामी व्हीलचेअर वजा करा. फक्त हे दार लावून करा. काटा गावातून येताना दिसला की नातेवाईक, शेजारचे पेशंट, सगळे बघायला येतात. त्या माणसाला आयुष्यभर वजनावरून बोल ऐकावे लागलेले असतात. रुग्णालयात तरी ते होऊ देऊ नका. केसपेपरवर वजनाचा आकडा लिहा, खाटेला रंगीत पट्टी लावा, आणि त्या रंगाचा अर्थ फक्त स्टाफला माहीत असू द्या.

सगळ्यात मोलाची माहिती त्या काकांकडेच आहे. त्यांना विचारा: काका, घरी खाटेवरून कसे उठता? कोणत्या कुशीवर वळता? आधार दिला तर किती पावलं चालता? मुलगा हात धरतो की खांद्याखालून घेतो? इतकी वर्षं ते आपलं शरीर हलवत आलेत. कुठे धरल्यावर दुखतं, कुठे धरलं की तोल जातो, त्यांना सगळं ठाऊक असतं. आधाराने दहा पावलं चालणारा माणूस आणि एकही न चालणारा माणूस, यांची नियोजनं पूर्ण वेगळी. चालणारा असेल तर रोज त्याला खुर्चीपर्यंत, मग दारापर्यंत चालवा. ते त्याच्या पायालाही बरं आणि आगीच्या रात्रीही उपयोगाचं. आणि योजना त्यांना सांगा. "घंटा वाजली तर आम्ही तुमची खाटच घेऊन निघणार, तुम्ही कठडा धरायचा, हात बाहेर काढायचे नाहीत." घाबरेल म्हणून सांगत नाहीत लोक, पण माझा अनुभव उलट आहे. "मला टाकून जातील" ही भीती त्यांच्या मनात आधीपासून असते. ठरलेलं सगळं ऐकलं की ती उतरते.

श्वासाकडे या. जास्त वजनाच्या माणसाला सपाट झोपवलं की पोटाचा भार छातीच्या पडद्यावर येतो, फुप्फुसांत हवेचा साठा कमी राहतो आणि ऑक्सिजन भराभर उतरतो. त्यामुळे नेताना डोक्याकडची बाजू तीस-पंचेचाळीस अंश वर हवी. घाईत खाट सपाट करू नका. बायपॅपला बॅटरी आहे का, किती वेळ चालते, हे चार्जर काढून एकदा प्रत्यक्ष पाहा. सोबत लहान सिलिंडर हवा. बी टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो, मिनिटाला दहा लिटर दिला तर कागदावर दीडशे मिनिटं, पण बायपॅपसोबत याहून लवकर संपतो. सिलिंडरची चावी त्याच्याच मानेला दोरीने बांधा. ती चावी शोधण्यात गेलेला वेळ मी पाहिला आहे. ऑक्सिजनच्या लाइनचा व्हॉल्व्ह कोण बंद करणार तेही ठरवा: त्या पाळीची प्रभारी सिस्टर, आणि त्या लाइनवरचा प्रत्येक पेशंट सिलिंडरवर घेतल्याची खात्री झाल्यावरच.

आता अवघड भाग. आग त्याच मजल्यावर आहे, खाली उतरायलाच हवं आणि वाट एकच आहे. तेव्हा जड रुग्ण आधी की नंतर? त्याच्याच खोलीत आग असेल तर अर्थातच तो आधी. नसेल तर त्याला इतरांबरोबरच आडवं सरकवून सुरक्षित भागात आणा, पण जिन्यावर त्याला शेवटी घ्या. वाईट वाटतं हे लिहायला, पण अरुंद जिन्यात तो मध्ये अडकला तर मागची वीस माणसं अडकतात. शेवटी म्हणजे एकटा मात्र नाही. एक माणूस त्याच्यासोबत थांबणार, दार लावणार, फटीला ओली चादर लावणार, खिडकी उघडणार आणि १०१ वर आणि खाली उभ्या माणसाला सांगणार: कोणता मजला, कोणती खोली, किती वजन, ऑक्सिजन आहे. कोण थांबणार ते नाव घेऊन ठरलेलं असावं, आणि त्या थांबणाऱ्या व्यक्तीलाही बाहेर पडायची वाट उरली पाहिजे. मी हे कधीही जबरदस्तीने कुणाच्या माथी मारत नाही. सिस्टरना विचारून, त्यांच्या संमतीने लिहायचं.

जिन्यावरून न्यावंच लागलं तर त्यासाठी सरकवण्याची खास चादर मिळते, गादीसकट रुग्णाला गुंडाळून पट्टे बांधायची, तळाशी गुळगुळीत. तुमचा दुसरा प्रश्न साहित्याचा होता: चाकांच्या खाटेनंतर हीच एक वस्तू घ्या, तिची वजनमर्यादा रुग्णापेक्षा जास्त असल्याचं कंपनीकडून लेखी घेऊन. जिन्यासाठीच्या घडीच्या खुर्च्या दाखवायला विक्रेते येतात, त्यातल्या बऱ्याचशा एवढ्या वजनाच्या नसतात. चादरीवर पाय पुढे, डोकं वर. त्याने डोकं आपोआप उंच राहतं, श्वासाला बरं. पण जिन्याच्या उतारावर निम्मं वजन खाली ओढतं, १६५ला ऐंशीच्या आसपास. काही भार पायऱ्यांचं घर्षण घेतं, उरलेला वरच्या माणसांनी पट्ट्याने रोखायचा असतो. वर तीन-चार जण, खाली दोघं फक्त दिशा द्यायला, तेही बाजूने. थेट पायांसमोर कोणीही नाही, सुटलं तर तो चिरडला जाईल. जिन्याच्या मधल्या सपाट जागेवर आलं की डोक्याखाली लगेच उशी द्या. याचा सराव पूर्ण वजनाने करू नका, एका कट्ट्यापासून सुरू करा. विकतची चादर येईपर्यंत सपाट फरशीवर गादीसकट ओढता येईल, जिन्यावर नाही.

रात्रीची माणसं कुठून आणायची? तुमच्या समोरच राइस मिल आहे असं तुम्ही लिहिलंय. हंगामात तिथे रात्री हमाल असतात. मुकादमाशी बोला, दोघा-चौघांना दिवसा बोलवून वाट दाखवा, कुठे धरायचं ते शिकवा, फोन नंबर टेबलावर चिकटवा. जोर त्यांच्याकडे आहेच, पण पेशंटला कट्ट्यासारखं पाठीवर घ्यायचं नसतं हे स्पष्ट सांगा. हुकूम फक्त सिस्टरचा चालणार, हेही. आणि हे लोक नातेवाइकांबरोबर आत घुसण्याऐवजी पोर्चमध्ये थांबतील, बोलावलं की येतील. पॅसेजमध्ये चटया टाकून झोपणाऱ्या नातेवाइकांना रात्री एका बाजूला झोपवा. खाटेच्या वाटेवर माणूस झोपलेला असेल तर खाट पुढे जात नाही.

कायद्याचं थोडक्यात: महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ प्रमाणे मालकाला दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून नमुना 'ब', म्हणजे आगीची यंत्रं चालू असल्याचा दाखला, घेऊन द्यावा लागतो. तो मिळाला म्हणजे यंत्रं चालू आहेत एवढंच कळतं. तुमचे काका बाहेर निघतील का, हे त्यात लिहिलेलं नसतं.

शेवटी पोर्चच्या पुढचं. बहुतेक योजनांत "सर्वांनी मैदानात जमावं" असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात दुपारी त्या मैदानात ४५ अंश असतात, सावली नसते, आणि जड रुग्णाला उष्णता लवकर बाधते. पावसाळ्यात तिथे चिखल, खाटेची चाकं रुततात. जमायची जागा सावलीची, फरशी किंवा काँक्रीटची निवडा, शेजारच्या शाळेचा व्हरांडा, मंगल कार्यालयाचं शेड, आणि तिथवरची वाटसुद्धा खाटेने चालून पाहा. १०८ला फोन करताना पहिल्याच वाक्यात वजन सांगा, म्हणजे त्यांचा स्ट्रेचर पेलेल का हे तिकडून कळेल. पेलत नसेल तर गावातल्या कोणाचा टेम्पो, कोणत्या फळ्यांचा उतार लावून खाट चढवायची, हे आधी ठरवा आणि कट्टे ठेवून एकदा चढवून पाहा. गोंदिया किंवा नागपूरला पाठवायचं असेल तर तिथल्या रुग्णालयाला तीनच प्रश्न विचारा: एवढ्या वजनाची खाट रिकामी आहे का, सीटीचं टेबल किती पेलतं, आणि रात्री दारात किती माणसं असतील. ही उत्तरं आणि ज्यांनी दिली त्यांचे नंबर केसपेपरच्या पहिल्या पानावर, आजच लिहा.